पेज पाण्यात मोजाची नाई

सत्तावीस वर्षांच्या संसारात माझं आन गिरजाचं एकाही गोष्टीत जुळलं नाई. मी पंखा लावला का तिले थंडी वाजे, मी रस्सा म्हणलं का ती सुकं करे. आन मग नागपूरच्या दवाखान्यात एका पोट्ट्यानं कागद पाहून सांगितलं, "काका, रक्तगट जुळला."

मी खुर्चीवरून उठून ओरडलोच, "जुळला ना बे!"

सारे पेशंट माझ्याकडं पाहून राह्यले. गिरजा तोंडाले पदर लावून म्हणे, "हळू बोला जी, बाजार होय का हा?"

आता माझा आवाजच बाजाराचा, त्याले मी काय करू? मी धनराज. आमच्या गावच्या तलावात सोसायटीची मासोळी निघते, ते मी आरमोरीच्या बाजारात विकतो. माझा हात म्हणजे काटा. मरळ असो का कतला, हातात घेतली का वजन सांगतो, वीस ग्राम इकडंतिकडं झालं तर त्या दिवशी मले जेवण गोड लागत नाई. आन काटा बरोबर झाला का वरून एक कोतरी, बोटाएवढी बारीक मासोळी, टाकाची, हा आमच्या बापापासूनचा नेम. तोललेलं ते गिऱ्हाइकाच्या हक्काचं, वरचं ते आपल्या मनाचं.

गिरजाच्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपासून बसल्या होत्या. हप्त्यातून दोनदा ब्रह्मपुरीले जाऊन मशीनवर रक्त धुवाचं. त्याच्याहून वाईट म्हणजे पाणी. दिवसाले अर्धा लिटर, बस. चहा त्यातच, वरणाचं पाणी त्यातच. रुपालीनं, म्हणजे आमच्या पोरीनं, एका बाटलीवर पेनानं रेघ मारून देली होती. गिरजा ढिवराची पोरगी, तलावात पोहता पोहता मोठी झाली, आन तिच्या नशिबी झाकणानं मोजून पाणी आलं. उन्हाळ्यात तिचे ओठ पाह्यले का मले माठ फोडून टाका वाटे.

तिच्या भावाचा रक्तगट जुळला नाई, तिची माय म्हातारी. राह्यलो मी. माझा जुळला. साऱ्या तपासण्या झाल्या, साखर ठीक, बीपी ठीक. मग डॉक्टर मॅडमनं मले काट्यावर उभं केलं. चौऱ्याण्णव किलो तीनशे ग्राम.

मॅडम म्हणे, "एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी मी काढणार नाही. एका किडनीवर तुम्हाला पुढची तीस वर्षं काढायची आहेत. ब्याऐंशीच्या आत या."

"कधीपर्यंत?"

"मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत. डायलिसिसच्या सुयांनी त्यांच्या हाताची नस थकत चालली आहे. त्याच्या पुढं मला ओढायचं नाही."

तेव्हा नोव्हेंबर सुरू होता. चार महिने, बारा किलो.

बसमध्ये गिरजा खिडकीकडं तोंड करून बसली. वडसा आलं, मग म्हणे, "तुमच्यानं होणार नाई जी. एका येळी भात कमी पडला तर साऱ्या गावाले समजते, एवढे चिडता तुमी. आन बाईसाठी माणूस पोट फाडून घेते, असं कुठी ऐकलं का?"

असा राग आला मले! म्हणलं, "ऐकलं नसन तर आता ऐक. आन कंडक्टरलेही ऐकव."

कंडक्टर बिचारा पुढं सरकला.

घरी येऊन रुपालीनं माझ्या मोबाइलमध्ये कॅलरी मोजाचं अॅप टाकलं. दिवसाले पंधराशे. काय खाल्लं, किती खाल्लं, सारं लिहाचं. पाण्यासाठी वेगळं खातं, एक ग्लास दाबला का टुप्पकन थेंबाचा आवाज ये. पण ते अॅप कोण्या देशाचं होतं देव जाणे! त्याले कोतरी माहीत नाई, अंबाडी माहीत नाई, झिंगे विचारले तर हे मोठे समुद्रातले दाखवे. रुपाली बसून बसून जुळवे. वजन मी सांगो. भाताचा गोळा हातात घेतला, "दीडशे." तिनं घरच्या छोट्या काट्यावर ठेवला, एकशे बावन्न. पोट्टी टाळ्या वाजवे. आन मी त्या दीडशे ग्रामाकडं पाहत बसो. आमच्या झाडीपट्टीत एवढा भात कावळ्याले टाकतात.

माझी माय शकुबाई सत्तरीच्या वर आहे. तिले हे सारं पसंत नव्हतं. "पोराले उपाशी मारून राह्यल्या दोघी," म्हणून ती वाटेवरच्या माणसाले सांगे. पण गिरजाचा सुजलेला हात पाह्यला का तिचंही तोंड बंद होये.

चालणं सांगितलं होतं मॅडमनं, रोज एक तास. आता कुठी चालू? तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाघीण पिल्लं घेऊन फिरत होती, वनरक्षकानं सकाळी नऊच्या आत पाळीवर पाय ठेवाचा नाई म्हणून सांगितलेलं. मले बारीक व्हाचं होतं, पण वाघिणीच्या पोटात जाऊन नाई. मग मी गावाच्या घाटावरून डोंगा काढला. तीन वर्षं झाली होती डोंग्यात बसून. मी लठ्ठ झालो तसा पाळीवरच बसो, काटा सांभाळो आन जुवान पोट्ट्यायले शिव्या देवो. पहिल्या दिवशी डोंग्यात बसलो तर काठ पाण्याच्या वर दोन बोटं राह्यला. अंकुश, माझ्यासंग जाळं टाकणारा, घाटावरून ओरडे, "भाऊ, खोकलू नोका, बुडसान!"

तसाच वल्हवला. एक महिना रोज.

दर गुरुवारी सोसायटीच्या मोठ्या काट्यावर मी उभा राहो. मासोळीचे क्रेट तोलाचा काटा, अंगाले वास लागे, पण नागपूरच्या काट्याशी ताडून पाह्यलेला होता. सोसायटीचे सचिव गुणवंतराव चष्मा लावून आकडा वाचत. पहिल्यांदा चारपाच जण होते, मग अर्धं गाव जमू लागलं. लिलावासारखा आवाज ते लावत, "ब्याण्णव आठशे! एक्याण्णव पाचशे!" डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी, "नव्वद! बरोबर नव्वद!" पोट्ट्यायनं शिट्ट्या मारल्या. डोंग्याचा काठ तीन बोटं वर आला होता. मी घरी पळतच आलो, गिरजाले म्हणलं, "चार गेले! आठ राह्यले! तयारी कर!"

ती हसली. दोन वर्षांत अशी हसली नव्हती.

मी मॅडमले फोन लावला. त्याही खुश. म्हणे, "छान. आता पाणी वाढवा. दिवसाला आठ ग्लास तरी प्या."

आन तिथंच माती खाल्ली.

पुढच्या गुरुवारी नव्वद. त्याच्या पुढच्या गुरुवारी नव्वद दोनशे. मग एकोणनव्वद नऊशे, मग पुन्हा नव्वद. गुणवंतरावचा आवाज खाली खाली गेला, शिट्ट्या बंद झाल्या. मी भात शंभर ग्रामवर आणला. तेल बंद केलं. बाजारात समोर गरम आलूबोंडे तळून राह्यले तर नाकाले रुमाल लावो. तरी काटा हलेना! एका गुरुवारी मी त्या काट्यावरच भडकलो. "हा बिघडला, बदला ह्याले!" गुणवंतरावनं पाच किलोचं वजन आणून ठेवलं. पाच किलो शून्य ग्राम. मग मी अॅपवर भडकलो, मग रुपालीवर. म्हणलं, "तुले नीट टाकता येत नाई, तुझ्या मायच्या जिवाशी खेळून राह्यली तू!" पोरगी आत निघून गेली. तिचा काही गुन्हा नव्हता, मले माहीत होतं. पण भुकेल्या माणसाचं तोंड म्हणजे उघडं जाळं, काय निघन सांगता येत नाई.

पाच हप्ते असे गेले. जानेवारीचा दुसरा हप्ता लागला. आठ हप्ते हातात आन आठ किलो बाकी.

एका सकाळी मी अंगणात उन्हाले बसलो होतो. समोर मायनं लोटा आणून ठेवला. मी दोन घोटात रिकामा केला, मोबाइल काढला आन पाण्याच्या खात्यावर बोट दाबलं. टुप्प.

गिरजा बाजूले आपली रेघेची बाटली घेऊन बसली होती. ती म्हणे, "काय लिहिलं जी?"

"पाणी. आजचा तिसरा ग्लास."

"आन पिलं काय?"

"पेज."

तिनं बाटली खाली ठेवली.

आता सांगतो. हिवाळ्यात थंडं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाई. आठ ग्लास कुठून पिऊ? आन घरात नवीन धान आलेलं. नव्या तांदळाची गरम पेज, त्यात मिठाचा खडा! माय तर सकाळपासून गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून ठेवे. आमच्याकडं कोणी पेजेले जेवण म्हणत नाई. रोवणीले बाया जातात तर पेज पाण्याच्या जागी नेतात. पाहुणा आला तर "पाणी घ्या" म्हणून पेज देतात. मी भाताचा दाणा दाणा मोजला होता, ताटात सांडलेला उचलून परत तोलला होता. पण पेज? पेज मोजाची असते हे माझ्या डोक्यातच नाई आलं.

माय दारातून म्हणे, "पेज म्हणजे पाणीच ना वं. पेजेनं कधी कोणाचं पोट भरलं?"

गिरजा सासूले म्हणे, "मामीजी, पाणी काय असते ते मले विचारा."

ती उठली. गंजातली पेज लोट्यात घेतली, हलवली. माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, बादलीवर धरला आन लोटा त्यात ओतला. पाणी खाली गेलं. दुपट्ट्यात राह्यला भात, मऊ, पांढरा. तो तिनं पिळला, गोळा केला आन माझ्या हातावर ठेवला.

"सांगा. किती?"

माझा हात खोटं बोलत नाई. त्याच दिवशी वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

"शंभर," मी म्हणलं. "शंभरच्या थोडा वर."

"दिवसाचे किती लोटे?"

"पाच." मग खरं सांगितलं, "कधी सहा."

रुपाली आतून मोबाइल घेऊन आलीच होती. तिनं भराभर बोटं चालवली. "बाबा, सातशे! दिवसाले सातशे कॅलरी तुमी पाण्यात टाकून राह्यले!"

माझ्या हातावर तो भाताचा गोळा, गरम गरम. पाच हप्ते. गिरजाच्या वाट्याचे पाच हप्ते मी बसून पिऊन टाकले होते, तेही तिच्यासमोर, ढेकर देऊन. लाज वाटली हो. रडू आलं.

गिरजा म्हणे, "माझ्या बाटलीत पेज पाण्यात धरतात, म्हणून दोन वर्षं झाले मी चाखली नाई. तुमच्यात ते भातात धराची. दवाखान्याचा हिशोब उलटा नाई जी, आपलाच उलटा." मग माझ्या डोळ्याले तोच ओला दुपट्टा लावला. "रडता काऊन? आठ किलो राह्यले. आठ किलो म्हणजे दोन कतले. एवढे तर तुमी एका हातानं उचलता."

मी उठलो. पहिले रुपालीची माफी मागितली. बापानं पोरीची माफी मागितली म्हणून माय तोंडावर हात ठेवून पाहत होती. मग मायनं काय करावं? पेजेचा गंज उचलला, म्हशीपुढं रिकामा केला, घासला आन पालथा घातला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्यासमोर लोटा येई तो गरम पाण्याचा. आन दुसरा लोटा घेऊन ती स्वतः समोर बसे. म्हणे, "पी. मीही पेज सोडली."

मग काय सांगू तुमाले! काटा असा सुटला का भरल्या तलावाची मोरी उघडावी! एकोणनव्वद! सत्त्याऐंशी सहाशे! गुणवंतरावचा आवाज परत चढला. पोट्टे झाडावर चढून आकडा पाहत. डोंग्याचा काठ चार बोटं, मग पाच. अंकुश म्हणे, "भाऊ, आता खोकला तरी चालते." पुतण्याच्या लग्नात पंगतीत वांग्याची भाजी आली, वडे आले, बुंदी आली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. वाढणारा आग्रह करू लागला, तर चार पंगती पलीकडून आवाज आला, "त्यायले वाढू नोका! त्यायच्या बायकोले किडनी द्याची आहे!" मग एक म्हातारा उठला, माझ्या ताटातला वडा त्यानं स्वतःच्या ताटात घेतला आन म्हणे, "हा मी खातो बापा. तू जिंक." नोव्हेंबरात याच गावात "बाईसाठी कोण पोट फाडते" म्हणत होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी गुणवंतरावनं वाचलं, "ब्याऐंशी सातशे." सातशे ग्राम! सोमवारी नागपूर. चार दिवस मी सकाळसंध्याकाळ डोंगा वल्हवला. रविवारी डोक्यावरचे केस उतरवले, मिशी उतरवली. गिरजा म्हणे, "मिशीचं किती वजन असते जी?" मी म्हणलं, "एका कोतरीएवढं तरी असन, राहू द्याचं कशाले?" ती इतकी हसली का तिले ठसका लागला, आन ठसक्यासाठी बाटलीतलं एक झाकण पाणी खर्च झालं.

सोमवारी नागपूरले मॅडमच्या खोलीत मी चप्पल काढली, करगोटा काढला, मोबाइल रुपालीजवळ देला. खिशात एक रुमाल होता, तोही काढला. डोळे मिटले आन काट्यावर चढलो. कोणी बोलेचना. मले वाटलं झालं, मेलो.

"धनराजभाऊ," मॅडम म्हणे, "डोळे उघडा. एक्याऐंशी सहाशे."

मी अशी आरोळी ठोकली का बाहेरचा वॉचमन आत आला! रुपाली नाचून राह्यली, गिरजा खुर्चीत बसून रडून राह्यली, मीही रडून राह्यलो. मॅडम म्हणे, "ब्याऐंशी सांगितलं होतं, तुम्ही तर चारशे ग्राम जास्तच दिले."

म्हणलं, "ते वरचे, मॅडम. आमच्यात तोलून झाल्यावर वरून टाकाची पद्धत आहे."

त्यायले काय समजलं कोण जाणे, पण तारीख देली.

ऑपरेशन झालं. मले दुसऱ्या वॉर्डात ठेवलं होतं. पोटाले टाके, हसलो तरी दुखे. तिसऱ्या दिवशी नर्सबाईनं हाताले धरून मले चालवत गिरजाच्या खोलीपर्यंत नेलं. आत जाता येत नव्हतं, काचेतून पाहाचं. गिरजा उशीले टेकून बसली होती. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. लग्नात पाह्यली होती ना, तशी नाक-डोळे दिसून राह्यले होते.

आतल्या सिस्टरनं तिच्यापुढं ग्लास धरला. काठोकाठ भरलेला. गिरजानं तो घेतला आन सवयीनं ओठ ओले करून खाली ठेवला. सिस्टर काहीतरी बोलली. गिरजानं तिच्याकडं पाह्यलं, मग ग्लासाकडं, मग ग्लासावर बोट ठेवून तिले विचारलं, सारा? काचेतून ऐकू येत नव्हतं, पण मले समजलं. सिस्टरनं मान हलवली, सारा. आन बाजूचा भरलेला जग दाखवला.

गिरजानं ग्लास उचलला. एका दमात पिली. गळ्याची घाटी खालीवर, खालीवर होऊन राह्यली, आन मी एक एक घोट मोजून राह्यलो. पाणी हनुवटीवरून ओघळलं, तिनं पुसलंही नाई. रिकामा ग्लास तिनं काचेकडं वर धरला, मले दाखवाले.

मी खिशातून मोबाइल काढला. ते अॅप उघडलं आन पाण्याच्या खात्यावर बोट दाबलं. टुप्प. एक ग्लास. कॅलरी शून्य.

आत तिनं ग्लास परत पुढं केला. मी बोट तसंच धरून ठेवलं.